लहान, नाजूक ऑर्किड घरात वाढवणं आणि त्यांची कुंडी बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळं पाहायला शिकलात तर लहान ऑर्किड जगवता येतात. पानांवरून परिस्थिती कळते, पण उशिरा. मुळांवरून ती आधी कळते. म्हणून खाली प्रश्न पाण्याचा असो वा कुंडीचा, उत्तर बहुतेक वेळा मुळांपाशी येऊन थांबेल.

लहान ऑर्किड म्हणजे नेमकं किती लहान?

फुलदांडी सोडून रोपाची उंची साधारण १५ सेंटिमीटरच्या आत राहत असेल तर त्याला ‘मिनिएचर’ म्हणायची पद्धत आहे. पण या गटात फार फरक आहेत. फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस तळहाताएवढं पसरतं, तर प्लॅटीस्टेले जंगरमॅनिऑइडेसचं फूल जेमतेम २ मिलिमीटरचं असतं आणि भिंगाशिवाय ते नीट दिसत नाही. दोघांनाही ‘लहान ऑर्किड’ म्हणतात, पण दोघांना सांभाळण्यात काहीच साम्य नाही. रोप घेताना ‘मिनिएचर’ हा शब्द पुरेसा नाही. जातीचं पूर्ण नाव विचारून घ्या आणि ती चिठ्ठी कुंडीतच खोचून ठेवा. पुढची प्रत्येक शंका त्या नावावरूनच सुटते.

ती मोठ्या ऑर्किडपेक्षा खरंच नाजूक असतात का?

रोप म्हणून कमकुवत नसतात. डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यापावसात झाडाच्या बारीक फांदीला धरून वर्षानुवर्षं जगणारी ही झाडं आहेत. अडचण आहे ती साठ्याची. मोठ्या कॅटलियाच्या जाड, फुगीर खोडात पाणी साठलेलं असतं, कुंडीतही बरंच माध्यम (मातीऐवजी भरलेलं मिश्रण) असतं. दोन-चार दिवस लक्ष गेलं नाही तरी तिचं काही बिघडत नाही. पाच सेंटिमीटरच्या कुंडीतलं मॅस्डेव्हॅलिया मात्र एका उष्ण दिवसात सुकतं, कारण त्याला फुगीर खोड नसतंच आणि मुळं दोऱ्यासारखी बारीक असतात. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लहान कुंडीतलं माध्यम कुजलं तर मुळांना पळायला जागा उरत नाही. म्हणजे चूक तीच, पण तिची शिक्षा लवकर मिळते.

सुरुवात कोणत्या जातीपासून करावी?

तुमच्या घरातल्या रात्रीच्या तापमानापासून सुरुवात करा, फोटोपासून नाही. हा सल्ला मी सगळ्यांना देते, कारण माझी पहिली तीन रोपं फोटो पाहून घेतलेली होती आणि तिन्ही थंड ढगाळ जंगलातली निघाली. पहिल्याच उन्हाळ्यात ती गेली.

घर उबदार असेल आणि रात्रीही पारा १८ अंशांच्या खाली फारसा जात नसेल तर फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस किंवा हॅराएला घ्या. हॅराएला तैवानची आहे. रोप पाच-सात सेंटिमीटरचं, फूल पिवळं, मध्ये मधमाशीसारखा गडद डाग, आणि जवळ गेल्यावर लिंबाच्या जातीचा सुवास. हल्ली वनस्पतीशास्त्रज्ञ तिला गॅस्ट्रोकायलस रेट्रोकॅलस म्हणतात, पण विकणारे अजून जुनंच नाव वापरतात.

रात्री थोड्या गार होत असतील तर निओफिनेशिया फाल्काटा हे माझं सगळ्यात आवडतं उत्तर. जपान, कोरिया आणि चीनमधलं हे रोप जपानमध्ये एदो काळापासून (१६०३ ते १८६८) जोपासलं जातं आणि तिथे त्याला ‘फूरान’ म्हणतात. फूल पांढरं, मागे लांब वाकडी नळी, आणि सुगंध रात्री येतो. चुका बऱ्याच सोसतं.

मॅस्डेव्हॅलिया, ड्रॅक्युला, लेपँथिस आणि डेंड्रोबियम कथबर्टसोनाय ही नावं मोहात पाडतात. रात्री १० ते १५ अंश आणि दिवसा २५ च्या आत तापमान ठेवू शकत असाल तरच त्यांच्याकडे वळा.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजून घालू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. ते मृत, पोकळ पेशींचं असतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. पाणी पडलं की पेशी काही सेकंदांत भरतात, आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. म्हणून अशा ऑर्किडला पारदर्शक कुंडी द्यावी. मुळं हिरवी असतील तर थांबा. रुपेरी झाली की पाणी घाला. माध्यमाच्या वरच्या थराला बोट लावून काही कळत नाही, कारण वर कोरडं आणि मध्ये चिंब ही लहान कुंडीची नेहमीची अवस्था आहे.

पारदर्शक कुंडी नसेल तर वजनावरून अंदाज घ्या. नुकतं पाणी दिलेली कुंडी हातात घ्या, मग रोज एकदा उचलून पाहा. आठवडाभरात हाताला सवय होते.

आता जातीचा फरक. टोलुम्निया कॅरिबियन बेटांवर अगदी बारीक डहाळ्यांवर वाढतं. त्याची मुळं सकाळी भिजली तर संध्याकाळपर्यंत कोरडी व्हायलाच हवीत. हॅराएला आणि फॅलेनॉप्सिस जवळपास कोरडी होऊ द्यावीत, पण तशीच ठेवू नयेत. मॅस्डेव्हॅलिया, लेपँथिस, रेस्ट्रेपिया यांना कधीच पूर्ण सुकू देऊ नये. पण ‘सुकू न देणं’ म्हणजे चिखलात ठेवणं नव्हे. पिळून घेतलेल्या फडक्याएवढा ओलावा पुरतो.

पाणी सकाळी द्या. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी दिवसभरात सुकतं. रात्रभर राहिलं तर तिथून कुज सुरू होते आणि एकच शेंडा असलेल्या रोपाचा शेंडा कुजला की ते सहसा वाचत नाही. चुकून पाणी साचलंच तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या.

कोणतं पाणी वापरावं?

पावसाचं उत्तम, आरओचं चांगलं. नळाचं पाणी जड असेल तर क्षार माध्यमात साठत जातात आणि बारीक मुळांची टोकं जळतात. बाहेरून दिसतं ते एवढंच की पानांची टोकं काळी पडतात. मॅस्डेव्हॅलियाच्या गटासाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शंभरच्या आत ठेवायचा मी प्रयत्न करते. फॅलेनॉप्सिसला त्याहून थोडं जास्त चालतं. वॉटर सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मात्र कोणालाच देऊ नका, कारण त्यात सोडियम वाढलेलं असतं.

घरात हवा कोरडी आहे. सारखं पाणी फवारत राहू का?

फवाऱ्याने दमटपणा काही मिनिटांपुरता वाढतो आणि पानं मात्र ओली राहतात. रोपं एकमेकांजवळ ठेवा, खाली खडे आणि पाणी घातलेला पसरट ट्रे ठेवा, कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहू द्या. आर्द्रता ५० ते ७० टक्के असेल तर बहुतेक लहान जाती खूश असतात. ढगाळ जंगलातल्या जातींना ७० च्या वर लागते.

त्यांच्यासाठी काचेची पेटी हा चांगला मार्ग आहे. पण पेटीत एक छोटा पंखा हवाच, अगदी संगणकाच्या डब्यात असतो तेवढा. दमट आणि कोंडलेली हवा ही बुरशीची आवडती जागा. पानं किंचित हलताना दिसली की वारा पुरेसा आहे. बंद पेटीवर थेट ऊन कधीही येऊ देऊ नका. आतलं तापमान थोड्या वेळात जीवघेणं होतं.

उजेड किती लागतो?

पानांचा रंग पाहा. गडद हिरवी, लांबट, लुळी पानं म्हणजे उजेड कमी. किंचित पिवळसर हिरवी, ताठ पानं म्हणजे बरोबर. तांबूस छटा आली तर उजेड कमाल पातळीवर आहे. काही जातींना ते चालतं, मॅस्डेव्हॅलियाला चालत नाही. पानाला हात लावून गरम लागलं तर रोप लगेच मागे घ्या. एलईडीखाली वाढवत असाल तर रोज सुमारे १२ तास द्या आणि रात्री पूर्ण अंधार ठेवा.

कुंडी कधी बदलायची?

दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: माध्यम थकलेलं असणं आणि रोपाला नवीन मुळं फुटायला लागलेली असणं.

पाइनच्या सालीचं माध्यम साधारण दीड-दोन वर्षांत भुसभुशीत होतं. तुकडे मोडून बारीक होतात, मधल्या फटी बुजतात आणि मुळांपर्यंत हवा पोचत नाही. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) याहून लवकर खराब होतं. मी ते दरवर्षी बदलते. लहान कुंडीत वाट पाहणं परवडत नाही. माध्यमाला आंबूस वास आला, वर शेवाळ किंवा क्षाराचा पांढरा थर आला, किंवा पाणी पूर्वीपेक्षा फार उशिरा सुकू लागलं, तर वेळ आली आहे.

पण हात कधी घालायचा हे रोप ठरवतं. खोडाच्या तळाशी हिरवी किंवा लालसर टोकं दिसू लागली, नवी मुळं एक सेंटिमीटरच्या आसपास आहेत, तो आठवडा सर्वोत्तम. अशी मुळं नव्या माध्यमात शिरतात आणि रोप महिन्याभरात स्थिरावतं. मुळं त्याहून बरीच लांब झाली असतील तर हाताळताना टोकं मोडतात. रोप सुस्त असताना कुंडी बदलली तर मोडलेल्या मुळांची भरपाई होत नाही आणि ते पुढचे काही महिने स्वतःच्या पानांवर जगतं. टोलुम्निया, लेप्टोटीस आणि लहान कॅटलिया याबाबतीत विशेष हट्टी आहेत.

याला अपवाद एकच, कुज. मुळं सडत असतील तर मुहूर्त पाहू नका, त्याच दिवशी बाहेर काढा.

रोप फुलावर आहे. आता बदलू का?

थांबा. कळ्या गळतील. मात्र लेपँथिससारख्या जाती जवळपास सतत फुलत असतात. त्यांच्या बाबतीत फुलाकडे न पाहता मुळांकडे पाहा.

कुंडी किती मोठी घ्यावी?

मुळं मावतील एवढीच, वर बोटभर जागा. नवी कुंडी दोन आकार मोठी घेऊन ‘आता तीन वर्षं बघायला नको’ असं करणारी माणसं रोप बुडवतात. जिथे मुळं नाहीत तिथलं पाणी शोषायला कोणी नसतं, तो भाग ओलाच राहतो आणि तिथून कुज आत सरकते. पुष्कळदा कुंडी तीच ठेवून फक्त माध्यम बदलणं योग्य असतं. ड्रॅक्युलाला मात्र कुंडी न देता जाळीची टोपली द्या. त्याच्या फुलदांड्या खाली वाढतात आणि तळातून बाहेर पडून फुलतात. बंद कुंडीत त्या आतच कुजतात.

माध्यम कोणतं?

तुमच्या पाणी द्यायच्या सवयीला जुळेल ते. सारखं पाणी घालायचा मोह होत असेल तर सालीचे बारीक तुकडे, थोडं पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि लोणारी कोळसा. विसरायची सवय असेल तर मॉस. बारीक मुळांना बारीक तुकडे लागतात, ३ ते ६ मिलिमीटरचे. जाड मुळांच्या जातींना त्याहून मोठे चालतात.

साल आदल्या रात्री भिजत घाला. कोरडी साल पाणी ढकलून लावते. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, कारण त्यात मीठ असतं. मॉस अर्धा तास भिजवून हलक्या हाताने पिळून घ्या. बागेतली माती या झाडांसाठी नाही. लुडिसिया, मॅकोडेस ही जमिनीवर वाढणारी, पानांसाठी जोपासली जाणारी ऑर्किड वेगळी. त्यांनाही भुसभुशीत मिश्रणच लागतं.

प्रत्यक्ष बदलायची कशी?

आदल्या दिवशी पाणी द्या. ओली मुळं वाकतात, कोरडी मोडतात.

कुंडीच्या कडा सगळीकडून दाबून सैल करा आणि रोप तळापासून धरून बाहेर काढा, पानाला धरून ओढू नका. मूळ कुंडीच्या भिंतीला चिकटलं असेल तर पातळ सुरी फिरवा. तरीही सुटत नसेल तर प्लॅस्टिकची कुंडी सरळ कापा. कुंडी पुन्हा मिळते.

मग कोमट पाण्याच्या भांड्यात मुळांचा गोळा बुडवून ठेवा. जुनं माध्यम आपोआप सुटायला लागतं. उरलेलं बोथट चिमट्याने एकेक तुकडा काढा. मॅस्डेव्हॅलियासारख्या रोपांची मुळं मॉसमध्ये इतकी गुंतलेली असतात की सगळं काढायला गेलं तर मुळंच निघून येतात. गोळ्याच्या मध्यभागी मॉस ताजं आणि टणक असेल तर तेवढं राहू द्या. कुजलेलं मात्र सगळं काढा.

मुळं तपासताना बोटांनी हलकेच दाबा. टणक लागलं ते जिवंत, रंग तपकिरी असला तरी. वर्षभर माध्यमात राहून मुळांवर डाग पडतात. दाबल्यावर पाणी सुटलं, साल सरकून आत दोरा उरला, ते मेलेलं. ते कापा. कात्री प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर तापवून घ्या किंवा दर रोपाला नवं पातं वापरा. सिंबिडियम मोझेक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू कात्रीवरच्या रसातून एका रोपातून दुसऱ्यात जातात. त्यांच्यावर औषध नाही.

आता भरणं. रोप आधी होतं त्याच पातळीवर धरा, खोडाचा तळ पुरू नका. मॉस असेल तर मुळांच्या मधल्या पोकळीत थोडं भरा, मग बाहेरून सैलसर गुंडाळा. घट्ट दाबलेलं मॉस पाणी सोडत नाही. साल असेल तर कुंडी टेबलावर हलकेच आपटत भरा, काडीने खुपसू नका. जपानी पद्धतीत निओफिनेशिया मॉसच्या पोकळ उंचवट्यावर बसवतात. मॉस बाहेरून, मध्ये रिकामी जागा, मुळं उंचवट्यावरून खाली उतरणारी. दिसायला सुंदर, पण खरं शहाणपण त्या पोकळीत आहे. हवा आतूनही मिळते.

शेवटी रोप हलतंय का पाहा. डुगडुगणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची टोकं घासून मोडतात. मऊ तारेने किंवा दोऱ्याने ते कुंडीला बांधा.

बदलल्यावर पाणी कधी द्यायचं?

मुळं फारशी कापली नसतील तर नेहमीसारखं. बरीच कापली असतील तर जखमा सुकेपर्यंत तीन-चार दिवस थांबा, रोप सावलीत आणि दमट जागी ठेवा. मॅस्डेव्हॅलिया गटाला मात्र एक दिवसही कोरडं ठेवू नका. खत तीन-चार आठवडे नको. खालचं एखादं पान पिवळं पडलं तर घाबरू नका.

जखमांवर दालचिनीची पूड लावावी का?

पानाच्या जखमेवर चालेल. मुळांवर नको. ती ओलावा ओढून घेते आणि चांगली मुळंही सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइडही जिवंत मुळांवर ओतू नका.

सगळी मुळं सडली. वाचेल का?

पानं अजून टणक असतील तर आशा आहे. सडलेलं सगळं काढा, रोप दिवसभर सुकू द्या, मग पारदर्शक डब्यात जेमतेम ओल्या मॉसवर ठेवा. मॉस खोडाच्या जवळ असावं, खोड त्यात रुतलेलं नसावं. मध्यम उजेड, ऊन नाही. डबा रोज थोडा वेळ उघडा. नवं मूळ यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. या काळात खत आणि औषधांचा मारा करू नका. माझ्याकडचं एक फॅलेनॉप्सिस पाच महिने असंच बसून होतं. मग एका सकाळी तळाशी तांदळाएवढं हिरवं टोक दिसलं. तो आनंद फुलापेक्षा कमी नव्हता.

कुंडीऐवजी लाकडावर बांधलं तर?

टोलुम्निया, हॅराएला, लेप्टोटीस यांना ते मनापासून मानवतं. खडबडीत सालीचा, न कुजणारा तुकडा घ्या, मुळांखाली मॉसची पातळ चकती ठेवा, नायलॉनच्या धाग्याने घट्ट बांधा. मुळांनी लाकूड पकडलं की धागा कापा. पाणी मात्र जवळजवळ रोज द्यावं लागेल, उन्हाळ्यात दोनदा. ते शक्य नसेल तर कुंडीच बरी.

हवेत आलेली मुळं कापू का?

नाही. ती निरोगी आहेत.

रोपाचे दोन भाग करता येतील का?

एका आडव्या खोडातून फुटवे येणाऱ्या जातींचे करता येतात, पण प्रत्येक भागात किमान तीन-चार फुटवे किंवा भरपूर पानं आणि स्वतःची मुळं हवीत. लहान तुकडे वर्षानुवर्षं फुलत नाहीत. मी शक्यतो करत नाही. भरगच्च लहान ऑर्किड एका वेळी वीस फुलं देतं. रेस्ट्रेपिया पानाच्या तळाशी स्वतःच पिलं देतं, फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस फुलदांडीवर देतं. पिलाला दोन-तीन मुळं फुटली की ते वेगळं लावा.

फुलं गेल्यावर दांडी कापू का?

हिरवी असेपर्यंत नको. लेपँथिस एकाच दांडीवर एकामागून एक फुलं देत राहतं, टोलुम्निया जुन्या दांडीला फांदी काढतं. वाळून तपकिरी झाली की कापा.

खत किती द्यावं?

पाकिटावरच्या प्रमाणाचा चौथा भाग, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांना. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवा.

दोन वर्षं झाली, फूल नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा उजेड. त्यानंतर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक. तो पाच-सहा अंशांचा असला की पुष्कळ जाती कळ्या धरतात. आणि वय विचारात घ्या. रोपवाटिकेतून आलेलं रोप अजून लहान असू शकतं.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

पिठ्या ढेकूण. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा, महिनाभर तरी. पानांवर चिकटलेले तपकिरी ठिपके नखाने सुटत असतील तर ती खवले कीड, उपाय तोच. कुंडी बदलताना पिठ्या ढेकूण मुळांमध्येही सापडतात. तेव्हा जुनं माध्यम फेकून द्या. मुळांची टोकं रातोरात कुरतडलेली दिसली तर अंधारात टॉर्च घेऊन पाहा, बारीक गोगलगायी सापडतील. नवं आलेलं रोप तीन-चार आठवडे इतरांपासून दूर ठेवा.

जंगलात दिसलेलं रोप काढून आणलं तर?

कृपा करून आणू नका. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं आणि त्यात अंकुरासाठी अन्नसाठा नसतो. रुजायला त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवलं. लाखो बियांतून एखादंच रोप उभं राहतं आणि फुलायला त्याला वर्षं लागतात. शिवाय ते ज्या फांदीवर, ज्या धुक्यात वाढलं ते घरात देता येत नाही, त्यामुळे अशी रोपं बहुतेक मरतात. ऑर्किडचं संपूर्ण कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय सीमेपलीकडे नेणं-आणणं हा गुन्हा ठरतो. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय साखरेच्या पोषकद्रव्यावर बी रुजवण्याची रीत मांडली. तेव्हापासून बाटलीत वाढवलेली रोपं मिळू लागली. तीच घ्या. ती कुंडीत जगायला सरावलेली असतात.